मेश्राम काकांचं ‘कशावरून’

मेश्राम काका स्वतःच्या सख्ख्या मुलीला फोनवर ओळख पटवायला लावत.

आमची आणि त्यांची गॅलरी शेजारी शेजारी होती. मधे कमरेएवढी भिंत. परदेशाशी बोलताना आवाजही तेवढाच लांब फेकावा लागतो अशी काकांची प्रामाणिक समजूत असल्यामुळे त्यांचं अर्धं संभाषण आम्हाला, आणि वारा असला तर खाली गेटवरच्या गार्डलाही, स्पष्ट ऐकू येई.

“मितू बोलतेयस? कशावरून?... आवाज काय, कुणीही काढतो. असं सांग, चौथीत असताना शाळेच्या सहलीत तुला उलटी झाली होती, ती कुठं?... सूरजकुंडला. बरोबर. कुणाच्या अंगावर?... हां. आता बोल, बेटा. पैसे पोचले?”

पहिल्यांदा हे कानावर पडलं तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. ओला टॉवेल हातात तसाच राहिला. मला नको तिथं डोकावायची सवय आहे, हे आधीच सांगून टाकते. ती सवय नसती तर मेश्राम काका माझ्यासाठी समोरच्या दारावरची पाटीच राहिले असते.

आम्ही तेव्हा नुकतेच गुडगावला राहायला आलो होतो. विवेकला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली होती आणि मी एका परदेशी कंपनीच्या काचेच्या इमारतीत हिशेबखात्यात बसत होते. सोसायटीला कुठल्यातरी विलायती बागेचं नाव होतं. बाग म्हणून चार कुंड्या होत्या. पाणी टँकरनं यायचं आणि वीज जनरेटरनं. मागच्या खिडकीतून मोहरीचं शेत दिसायचं, पुढच्या खिडकीतून मॉलचं बांधकाम, आणि दोन्हीकडच्या म्हशी आमच्याच गेटसमोर रस्ता ओलांडायच्या.

दिवाळीला मी चिवडा-चकल्यांचं ताट घेऊन समोरच्या मराठी पाटीची बेल दाबली. दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून एक चष्मा दिसला.

“कोण?”

“काका, मी समोरच्या फ्लॅटमधली. मराठीच आहे. फराळ आणलाय.”

“मराठी? कशावरून?”

मी गोंधळले. असा पुरावा माझ्याकडे आजवर कुणी मागितला नव्हता.

“ ‘नारळ’ म्हणा,” फटीतून आवाज आला.

“नारळ.”

“ ‘कावळा’. ”

“कावळा.”

साखळी निघाली. “या, या. या भागात ‘ळ’ म्हणता येणारी माणसं कमी. एकदा एक जण मराठी मंडळाचा म्हणून वर्गणी मागायला आला होता. ‘नाराल’ म्हणाला. तिथूनच वाटेला लावला त्याला.” मग आत वळून म्हणाले, “निर्मला, खरी आहे गं. चहा टाक.”

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. सगळी नोकरी दिल्लीत, एका मंत्रालयात झाली. कारकून म्हणून लागले, सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, आणि निवृत्तीचे पैसे आले तसे सरकारी क्वार्टर सोडून या नव्या उपनगरात आले. उंच, सडसडीत. बाराही महिने सफारी सूट. बोलताना समोरच्याकडे असं बघायचे, की आपण नाव जरी सांगितलं तरी त्याखाली कुणाचीतरी सही राहून गेलीय असं वाटावं. निर्मलाकाकू बुटक्या, गोल आणि हसऱ्या. नवऱ्याच्या ‘कशावरून’ला त्यांनी फार पूर्वीच उत्तर देणं सोडलं होतं. “अहो, डाळ शिजली,” त्या म्हणत. “कशावरून?” आतून येई. काकू सरळ ताट वाढत.

मुलगी एकुलती एक. संघमित्रा, घरात मितू. तिची फी शिष्यवृत्तीतून जात होती आणि राहण्या-जेवण्याचे पैसे काका महिन्याच्या महिन्याला इंग्लंडला पाठवत. हे पैसे पाठवणं म्हणजे काकांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा कार्यक्रम होता. त्याची एक पद्धत होती, आणि ती ऐकायला मी चहाचा दुसरा कपही घेत असे.

“हे बघ बेटा,” काका सांगत, “मंत्री निघाला की आधी काय जातं? पायलट गाडी. रस्ता बरोबर आहे, कुणी आडवं नाही, हे पायलट बघून घेते. मग मागून मंत्री. पैशाचंही तसंच. आधी थोडे पाठवायचे. ती पायलट. पायलट योग्य खात्यात पोचली असं मितूनं स्वतः फोन करून सांगितलं, की मगच मंत्री सोडायचा.”

“पण काका, खातं तेच, मुलगी तीच. दर महिन्याला पायलट कशाला?”

“मंत्रीही तोच असतो. म्हणून पायलट बंद करतात का?”

बँकेतही ते असेच. मितूच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर आहे तस्सं आहे ना, हे ते एकेक अक्षर बोट ठेवून बघत. खातेक्रमांक आधी सुलटा वाचत, मग उलटा, कारण सुलटं वाचताना डोळा सवयीनं पुढं पळतो. आणि पाठवणावळीचं बोलणं निघालं की तिथल्या सेहगलसाहेबांना म्हणत, “फीस कितनी, रेट क्या, वो सब बाद में. आखिर में मेरी बेटी के हाथ में कितने पौंड पड़ेंगे, ये बताइए.” सेहगलसाहेब हे त्या शाखेतले परदेशी व्यवहारांचे अधिकारी. पांढऱ्या दाढीचे, सोशिक. काका दारातून आत शिरताना दिसले की ते आधी पाण्याचा ग्लास संपवत.

सोसायटीत काकांचं नावच ‘कशावरून अंकल’ पडलं होतं. मराठी न येणारी पंजाबी मुलंसुद्धा लिफ्टमध्ये “अंकल, कशावरून?” म्हणून ओरडत. पाचव्या मजल्यावरच्या खुरानाजींना तर काकांचा चांगलाच राग होता. खुरानाजींना परदेशातून फोन आला होता की तुम्हाला मोठी लॉटरी लागलीय, फक्त आधी कागदपत्रांचा खर्च म्हणून काही रक्कम तिकडे पाठवा. मिठाईचा डबा घेऊन ते काकांकडे आले होते, पैसे परदेशी कसे पाठवायचे ते विचारायला.

“टिकट कब निकाला था?” काकांनी विचारलं.

“टिकट तो नहीं निकाला.”

“तो फिर लगी कैसे?”

खुरानाजी डब्यासकट परत गेले. पैसे वाचले, पण पुढं कितीतरी दिवस ते सांगत फिरत होते की मेश्रामजींनी दारात आलेली लक्ष्मी परत पाठवली.

“घाई कुणाला आहे ते बघ, बेटा,” काका मला म्हणाले. “मागणाऱ्याला जितकी जास्त घाई, तितकं आपण सावकाश व्हायचं. आणि निरोप एका दारानं आला, तर खात्री दुसऱ्या दारानं करायची. फोन आला तर त्याच माणसाला आपल्या जवळच्या नंबरवर आपण फोन करायचा. त्यानं दिलेल्या नंबरवर नाही.”

मला हे सगळं पटत होतं. एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नव्हती. पायलट आणि मंत्री असे दोन हप्ते म्हणजे दोनदा फी. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून वाद घालणारा माणूस दर महिन्याला बँकेला आनंदानं दुप्पट फी का देतो? वर्षभरात एकदाही काही चुकलेलं नव्हतं. हिशेबखात्यात बसणाऱ्या बाईला असली गोष्ट झोपू देत नाही.

एकदा मेथी निवडताना मी काकूंना विचारलंच. काकूंनी आत बघून घेतलं. काका आंघोळीला गेले होते.

“यांना तिला कलेक्टर करायचं होतं,” काकू हळू आवाजात म्हणाल्या. “मंत्रालयात आयुष्यभर साहेबांच्या खोलीबाहेर फाईल घेऊन उभे राहिले ना. पोरगी त्या खोलीच्या आत बसलेली बघायची होती. करोल बागेत क्लास लावला. हे स्वतः बसनं सोडायला आणि आणायला. एकदा पूर्वपरीक्षा पासही झाली. आणि मग म्हणाली, बाबा, मला यातलं काही नको, मला जुन्या कापडांचं शिकायचंय. संग्रहालयातली जुनी कापडं कशी जपायची, त्याचं शिक्षण असतं म्हणे. शिष्यवृत्ती मिळवून मगच घरात सांगितलं तिनं.”

“मग?”

“मग काय! हे म्हणाले, आपल्या घरात काय जुन्या कापडांची कमी होती, की त्यासाठी विलायतेला जावं? एवढं बोलले ते बोलले. मग तोंडच मिटलं. तीही यांचीच मुलगी. गेली तेव्हा एकमेकांशी बोलले नाहीत. तिकडून फोन आला की मी घ्यायची, हे उठून गॅलरीत जायचे. पुढं तिकडचं भाडं भागेना, तेव्हा तिनं पैसे मागितले. यांनी पाठवले. पोचले का, हे विचारायला बोलावंच लागलं.” काकूंनी मेथीची जुडी झटकली. “पायलट पोचली की एक फोन येतो. मंत्री पोचला की दुसरा. आता समजलं का, दोनदा फी कशाची भरतात ते?”

काकू पुढं म्हणाल्या, “आणि ते प्रश्न. एकदा विचारलेला प्रश्न पुन्हा विचारत नाहीत. म्हणतात, वापरलेला प्रश्न सुरक्षित नसतो. म्हणून रोज बसून नवे आठवत असतात, ती लहान असताना काय काय झालं ते.”

न्हाणीघराची कडी वाजली आणि काकूंनी मोठ्यांदा मेथीच्या भावाचं काहीतरी बोलायला सुरुवात केली.

त्यानंतर एका शनिवारी सकाळी माझी बेल अशी वाजली की मी धावतच दार उघडलं. काका उभे होते. सफारीची बटणं एकाआड एक लागलेली. त्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. मितूच्या ईमेल ते आमच्याकडे येऊन बघत, पण कधी अकराच्या आधी नाही. आज नऊच वाजले होते.

“उघड जरा. रात्री स्वप्न वाईट पडलं,” म्हणाले आणि स्वतःच लाजले.

मी ईमेल उघडली. मितूच्याच पत्त्यावरून आलेली होती. मी मोठ्यांदा वाचत गेले. डियर डॅड, मी परिषदेसाठी स्पेनमध्ये आले आहे. काल रात्री माझी बॅग चोरीला गेली. पासपोर्ट, फोन, पैसे सगळं गेलं. हॉटेलवाले मला बाहेर सोडत नाहीत. कृपा करून आजच्या आज हॉटेलच्या मॅनेजरच्या खात्यात पैसे पाठव. खाली मार्टिन नावाच्या कुणाचा खातेक्रमांक होता, आणि रक्कम मोठी होती. शेवटी लिहिलं होतं, आईला सांगू नकोस, ती घाबरेल.

काकू काकांच्या मागून आल्याच होत्या. त्या म्हणाल्या, “डियर डॅड? मितू तुम्हाला कधी डॅड म्हणाली?”

“घाबरलेलं माणूस काहीही लिहितं,” काका म्हणाले.

“काका,” मी म्हटलं, “दुसऱ्या दारानं खात्री—”

“कुठलं दुसरं दार? फोन लावला मी तिचा. बंद आहे. चोरीला गेला म्हणतेय ना ती! आणि मागं बोलली होती, या महिन्यात परिषदेला बाहेर जायचंय म्हणून.” ते दाराकडे वळले. “गाडी काढतेस का?”

“पायलट तरी—”

“वेळ नाही!”

वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांना घाईत बघत होते. विवेक फरिदाबादला कारखान्यात गेला होता. मी गाडी काढली. जाताना काका पुन्हा पुन्हा तिचा नंबर लावत होते आणि दर वेळी तीच बाई तेच वाक्य बोलत होती. मधेच म्हणाले, “मी परत ईमेल करून तिला प्रश्न विचारू का? पहिल्या सायकलचा रंग वगैरे?” मग स्वतःच मान हलवली. “आणि खरंच ती असली तर? परक्या देशात पोर अडकलीय, आणि बाप विचारतो सायकलचा रंग. जन्मभर बोलायची नाही मग. आधीच...”

बँकेत सेहगलसाहेबांनी पाणी प्यायला ग्लास उचलला आणि काकांचा चेहरा बघून तसाच ठेवला. काकांनी ईमेलची छापील प्रत टेबलावर ठेवली. जवळ होतं नव्हतं तेवढं सगळं मुदत ठेवीतून काढायचं आणि आजच पाठवायचं, असं एका श्वासात सांगितलं.

सेहगलसाहेबांनी कागद सावकाश वाचला.

“मेश्रामजी, ये मार्टिन कौन है?”

“होटल का मैनेजर.”

“आप जानते हैं इसको?”

“बेटी ने लिखा है.”

“बेटी ने ही लिखा है,” सेहगलसाहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, “ये आपको कैसे पता?”

काकांचा हा स्वतःचाच प्रश्न होता, फक्त हिंदीतला. त्यांचा चेहरा लाल झाला. “मेरी बेटी है, सेहगलसाहब!” ते एवढ्या मोठ्यांदा ओरडले की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मग खुर्चीवर बसले आणि टेबलाची कड धरून म्हणाले, “प्लीज.”

हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

“अच्छा, अच्छा,” सेहगलसाहेब म्हणाले. “फार्म भरिए आप. लेकिन हेड ऑफिस की लाइन डाउन है. थोड़ा टाइम लगेगा. चाय मँगवाता हूँ.”

शेजारच्या टेबलावरचा कारकून कुणाचे तरी पैसे दुबईला पाठवत होता, आणि त्याची लाईन उत्तम चालू होती. मला दिसलं ते. सेहगलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

काका फॉर्म भरत होते. पैसे कुणासाठी, त्या रकान्यात मितूचं नाव लिहिताना चुकले, खोडलं, पुन्हा चुकले. चहा आला तसा निवला. मी पुढं काय बोलावं याचा विचार करत होते, तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. काकू होत्या.

“झोपलीय ती,” काकू म्हणाल्या.

“कोण?”

“मितू! वर, आपल्या खोलीत. घरमालकिणीचा नंबर फ्रिजवर लावलेला आहे ना, तिला फोन केला. माझं इंग्रजी तुला माहितीय. म्हटलं, हॅलो, मितू मदर. मितू व्हेअर? ती बाई म्हणाली, स्लीपिंग. तिकडं अजून उजाडलंही नाही म्हणे. म्हटलं, वेक. वेक नाऊ.”

मी फोन काकांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं. डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, “कशावरून?”

काकूंचा आवाज मलाही ऐकू आला. “मी बोलले तिच्याशी! जांभया देत होती. म्हणाली, आई, फोन रात्री बंद करून ठेवते, आणि परिषद पुढच्या आठवड्यात आहे. आता घरी या, आणि येताना दही आणा.”

काकांनी फोन मला परत दिला. मग भरत आलेला फॉर्म दोन्ही हातांनी सेहगलसाहेबांकडे सरकवला आणि म्हणाले, “इसको फाड़ दीजिए. मेरे हाथ से नहीं फटेगा.”

सेहगलसाहेबांनी तो फाडला. “लाइन भी आ गई,” शेजारच्या टेबलाकडे न बघता ते म्हणाले, आणि नवा गरम चहा मागवला.

परतताना काका एवढंच बोलले, “आज मला घाई झाली, बेटा.” दही आणायचं आम्ही दोघंही विसरलो.

संध्याकाळी मितूचा फोन आला. तिच्या ईमेलचा पासवर्ड कुणीतरी पळवला होता. तिच्या ओळखीतल्या सगळ्यांनाच तसं पत्र गेलं होतं. तिनं पासवर्ड बदलला, तिकडच्या लोकांना कळवलं. हे सगळं ती काकूंना सांगत होती. काका शेजारी उभे होते. काकूंनी फोन त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी नेहमीसारखा प्रश्न विचारला नाही. “बोल,” म्हणाले. ती काहीतरी बोलली. ते पुन्हा “बोल” म्हणाले. मग त्यांना पुढं काही सुचेना आणि फोन परत काकूंकडे गेला.

त्या हिवाळ्यात मितू घरी आली. तिचा अभ्यासक्रम संपत आला होता. बारीक, उंच, बापासारखीच सरळ नजरेची मुलगी. केस वाळवायला ती आमच्या गॅलरीत येऊन बसायची, कारण त्यांच्या गॅलरीत ऊन उशिरा यायचं. एका सकाळी म्हणाली, “ताई, तुला एक सांगू? आईला सांगू नको.”

मी खुर्ची जवळ ओढली. अशा वाक्यासाठी मी कुठलंही काम सोडू शकते.

“मला एका संग्रहालयात अर्धवेळ काम मिळालंय. बरेच महिने झाले. बाबा पाठवतात ते पैसे मला लागतच नाहीत. तसेच ठेवलेत सगळे.”

“मग नको म्हणून सांगायचं ना त्यांना!”

“सांगितलं असतं तर ते माझ्याशी काय बोलले असते?” तिनं ओले केस पुढं घेतले. “पैसे पोचले का, एवढंच आम्हाला बोलता येतं. त्यातच ते मधे मधे विचारतात, तुला आठवतं का, तू कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या गेस्ट हाऊसमध्ये झुणका खाऊन रडली होतीस, तिखट लागलं म्हणून? आणि म्हणतात, सिक्युरिटीसाठी विचारतोय.” ती हसली. “पण आई म्हणाली, त्या दिवशी सगळ्या ठेवी मोडायला निघाले होते. तेव्हापासून मला खोटं वागल्यासारखं वाटतंय. आणि आता तिथंच पूर्ण नोकरी मिळतेय. सांगायलाच हवं.”

तिनं निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं. नाश्त्याच्या वेळी; मी गॅलरीत होते. नोकरीचं सांगितलं, पगाराचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, “म्हणून बाबा, आता पैसे नका पाठवू.”

“अच्छा,” काका म्हणाले. “बिल्कुल. चांगलंच झालं. संग्रहालय सरकारी आहे का? पेन्शन?... असो. चांगलंच झालं.”

मग ते गॅलरीत आले आणि झाडांना पाणी घालायला लागले. एकाच कुंडीत घालत राहिले. पाणी भिंतीखालून आमच्या बाजूला आलं तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान होतं. काकू विमानतळावर फार रडतात म्हणून काका त्यांना नेत नसत. मी गाडी चालवली. बापलेक मागच्या सीटवर दोन खिडक्यांना बसले होते. काकांनी पासपोर्ट आहे ना, तिकीट आहे ना, एवढं विचारलं. आत जाताना मितू त्यांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिच्या बॅगेचा बंद नीट केला. मग ती काचेच्या दारातून आत गेली, दोनदा वळून बघितलं, आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

परत येताना काका पुढं माझ्या शेजारी बसले. हायवेवर नव्या इमारतींचे सांगाडे उभे होते. त्यातल्या एकावर कामगारांनी कपडे वाळत घातले होते. काका त्याकडे मान वळवून बघत राहिले.

“सेहगलला सांगायला पाहिजे,” थोड्या वेळानं म्हणाले. “महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाट बघेल तो.”

“सांगू ना, काका.”

“नोकरी चांगली आहे तिची.”

“हो.”

“कामातून वेळ मिळणार नाही आता. फोनबिन कुठले.” हे त्यांनी खिडकीकडे बघून म्हटलं.

सिग्नलला गाडी थांबली आणि त्यांच्या खिशातला मोबाईल वाजला. त्यांनी नंबर बघितला आणि एकदम ताठ झाले.

“मितू? काय झालं? पासपोर्ट?... मग तिकीट?... बॅगेचं वजन जास्त झालं? पैसे पाहिजेत का? आम्ही वळतो, इथंच आहोत... नाही? मग फोन कशाला केलास?”

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. मग त्यांनी तळहातानं मोबाईल झाकला आणि माझ्याकडे वळले. एवढा गोंधळलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

“सहज केलाय म्हणते,” ते कुजबुजले. “काय बोलू?”

“काहीही बोला, काका.”

त्यांनी विचार केला. सिग्नल सुटला, मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले, मी गाडी पुढं काढली, तरी ते विचारच करत होते. शेवटी त्यांनी हात काढला, घसा साफ केला आणि थेट इंग्लंडपर्यंत पोचेल अशा आवाजात विचारलं,

“हॅलो, मितू. तिकडे थंडी आहे का?”

विमानतळावरून निघून आम्हाला अर्धा तासही झाला नव्हता. तिनं काय सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. काका मात्र सीटला टेकून नीट बसले.

“हो का?” ते म्हणाले. “मग स्वेटर घाल, बेटा. आणि बोल अजून.”